‘आम्हाला मोजतच नाहीत’: विद्यार्थी असं का म्हणतात, आणि शिक्षकाने त्याचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या प्राध्यापकांचं विद्यापीठात शिकवण्याचं हे तिसरं वर्ष आहे. सत्र संपल्यावर आलेल्या अभिप्रायात त्यांना वाचायला मिळालं: ‘ठरावीक मुलांकडे बघूनच शिकवतात’, ‘शंका विचारायची भीती वाटते’, ‘मार्क मनाला येतील तसे देतात’, ‘आम्हाला मोजतच नाहीत’. त्यांचं म्हणणं, मी कधी कुणाचा अपमान केलेला नाही, सगळ्यांना सारखं वागवतो, तयारी करून वर्गात जातो. मग विद्यार्थ्यांचा गैरसमज झाला का? मी जरा सैल सोडायला हवं का? आणि ज्यांनी हे लिहिलं त्यांना शोधून बोलावं का?

मी बरीच वर्षं शिकवलं आहे, आणि सहकाऱ्यांच्या विनंतीवरून त्यांच्या वर्गातल्या मुलामुलींशी, शिक्षक खोलीत नसताना, बोलण्याचं कामही केलं आहे. या गप्पांमध्ये जे पुन्हा पुन्हा ऐकलं त्याच्या आधारावर लिहितो आहे.

तुमचा हेतू चांगला आहे यावर माझा विश्वास आहे. पण विद्यार्थ्याला हेतू दिसत नाही. तुमच्याकडे स्वतःबद्दलची सगळी माहिती आहे: रात्री जागून केलेली तयारी, एखाद्या नापास मुलासाठी समितीत केलेलं भांडण, सगळ्यांना समान वागवण्याचा निश्चय. विद्यार्थ्याकडे तुमचे फार तर चार-दोन प्रसंग असतात. सव्वाशे जणांच्या वर्गात एखाद्या मुलीचा आणि तुमचा थेट संबंध सबंध सत्रात दोनदाच येतो. एकदा तिने शंका विचारली तेव्हा, आणि एकदा तिने मार्कांबद्दल ईमेल लिहिला तेव्हा. तुमच्यासाठी तो त्या दिवसाचा तिसावा ईमेल होता आणि तुम्ही ‘नियम वाचा’ एवढं लिहून पुढे गेलात. तिने तो पाठवण्याआधी चार वेळा लिहून खोडला होता. तुमच्या मनातली सरासरी आणि तिच्या हातातले दोन प्रसंग यांत जी दरी आहे, तिथेच हे सगळे अभिप्राय जन्माला येतात.

त्यात भर म्हणून हे प्रसंग एकाचे एकाकडे राहत नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर, वसतिगृहात, कॅन्टीनमध्ये ते सांगितले जातात. आधीच्या बॅचकडून पुढच्या बॅचकडे जातात. तुम्ही पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकता तेव्हा निम्म्या मुलांना तुमच्याबद्दल काहीतरी ‘माहीत’ असतं. जे उरलं ते फार लवकर ठरतं. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हार्वर्डमधल्या शिक्षकांच्या चित्रफितींचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले. त्यावरून त्यांनी दिलेलं मत आणि सबंध सत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी दिलेलं मत यांत चांगलंच साम्य निघालं. यावरून काही जण शिक्षकांना हसायला आणि हात हलवायला शिकवतात. मला ते पटत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की देहबोलीतून जे बाहेर पडतं ते समोरच्याला फार पटकन पोहोचतं, आणि सत्राच्या मध्यावर ते बदलायचं तर मुद्दाम काहीतरी वेगळं करावं लागतं.

आता तुमचे अभिप्राय एकेक घेऊ. ‘शंका विचारायची भीती वाटते’ यावर मी सगळ्यांत जास्त थांबणार आहे, कारण शिक्षकाबद्दलचं मत जिथे पक्कं होतं तो क्षण म्हणजे कुणीतरी चुकीचं उत्तर देतं किंवा ‘बाळबोध’ वाटणारी शंका विचारतं तो. त्या क्षणी बोलणारा एकटा असतो, पण बघणारा अख्खा वर्ग असतो. तुम्ही म्हणता, ‘हे मागच्या तासाला झालं आहे.’ तुमच्या दृष्टीने ती नुसती माहिती आहे. ऐकणाऱ्याला ऐकू येतं, ‘तू लक्ष देत नाहीस.’ आणि न विचारलेले उरलेले शंभर जण त्याच क्षणी ठरवतात की आपण तोंड उघडायचं नाही. गटात बोलताना विद्यार्थी तो प्रसंग तारखेसकट सांगतात, स्वतः त्यात नसले तरीही. ‘त्याला काय म्हणाले ते आम्ही पाहिलं ना.’ म्हणून ‘मी तिला काहीच वाईट बोललो नाही’ हे तुमचं म्हणणं खरं असूनही पुरेसं नाही. तुमचे शब्द साधे असतील. पण भुवई वर गेली होती, एक सुस्कारा निघाला होता, उत्तर देताना तुम्ही फळ्याकडे वळला होता, आणि नंतर एका हुशार मुलाकडे बघून ‘तू सांग’ म्हणाला होता. हे शेवटचं तर फारच लागतं.

इथे करण्यासारखं काय आहे? चुकीच्या उत्तरात जे बरोबर आहे ते आधी उचला आणि मग चूक नेमकी कुठे झाली ते सांगा. ‘गृहीतक बरोबर धरलंस, दुसऱ्या पायरीला चिन्ह उलटं झालं.’ यात खोटी स्तुती नाही, चूक लपवलेली नाही, आणि वर्गाला दिसतं की इथे चुकलं तरी माणूस शाबूत राहतो. मागे झालेला मुद्दा पुन्हा विचारला तर उत्तर द्या आणि वर सांगा की हा भाग बहुतेकांना दोनदा ऐकावा लागतो. तसं खरोखर असेल तरच सांगा.

‘ठरावीक मुलांकडे बघून शिकवतात’ हेही याच्याशीच जोडलेलं आहे. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो ते एकदा तासाचं रेकॉर्डिंग करून मोजा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. थांबणं तीन सेकंदांच्या पुढे गेलं की जास्त मुलं बोलू लागली आणि उत्तरं लांब व विचारपूर्वक होऊ लागली. शिक्षक ज्यांना हुशार समजत होते त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबत होते, हेही तिथे दिसलं. विद्यापीठातला वर्ग शाळेचा नसतो, पण हा एक सेकंद मी मोठमोठ्या सभागृहांतही पाहिला आहे. एका सेकंदात उत्तर देऊ शकणारे तिघेच असतात. मग तुमची नजर आपोआप त्या तिघांवर जाते, कारण त्यांच्याकडून दिलासा मिळतो. तुम्ही पक्षपात केलेला नसतो. पण मागच्या बाकावरून पाहिलं तर तो पक्षपातच दिसतो, आणि परिणामाच्या दृष्टीने तो असतोही.

नावं हा याचाच एक भाग. अमेरिकेतल्या एका मोठ्या जीवशास्त्राच्या वर्गात प्रत्येकाने समोर नावाची पाटी ठेवायची अशी साधी व्यवस्था केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७८ टक्के विद्यार्थ्यांना वाटत होतं की शिक्षकांना आपलं नाव माहीत आहे. प्रत्यक्षात शिक्षकांना ५३ टक्केच नावं येत होती. पाटी बघून नावाने हाक मारली तरी ती मुलांना पोहोचत होती. सगळी नावं पाठ करण्याचं दडपण घेऊ नका, पण नावं विचारायला आणि वापरायला लाजू नका.

मार्कांबद्दलच्या तक्रारीला बहुतेक शिक्षक ‘त्यांना जास्त मार्क हवे असतात’ असं म्हणून सोडून देतात. मार्क जास्त हवे असतात यात शंका नाही. तरी गटात बसून ऐकलं तर राग कमी मार्कांचा फारसा नसतो, न कळण्याचा असतो. दोघी मैत्रिणी उत्तरपत्रिका शेजारी ठेवतात. मुद्दे तेच, एकीला सात, दुसरीला साडेचार, आणि समासात एक टिकमार्क सोडून काही नाही. कारण दिसत नाही तेव्हा माणूस स्वतः कारण शोधतो, आणि सगळ्यांत सहज सापडणारं कारण म्हणजे ‘ती त्यांची आवडती आहे’. न्यायाच्या मानसशास्त्रात, थिबो आणि वॉकर यांच्या १९७५ च्या कामापासून, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: निर्णय विरोधात गेला तरी तो ज्या पद्धतीने झाला ती न्याय्य वाटली, आपलं म्हणणं मांडता आलं, सगळ्यांना एकच मापदंड लावला गेला, तर लोक तो निर्णय बऱ्याच अंशी स्वीकारतात. न्यायालयातल्या पक्षकारांबद्दल सुरू झालेला हा विचार वर्गाला जसाच्या तसा लागू पडतो. मार्क वाढवून मिळालेला विद्यार्थीही नाराज असू शकतो, जर त्याला वाटलं की आरडाओरडा केला म्हणून मिळाले. आणि एकही मार्क न वाढलेली मुलगी समाधानाने परत जाताना मी पाहिली आहे, कारण शिक्षकांनी दहा मिनिटं बसून तिला उत्तर वाचून दाखवलं होतं.

‘सैल सोडू का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘नको’ असं आहे. कडकपणाबद्दल तक्रार मी फार कमी ऐकली आहे. ‘कडक आहेत पण सगळ्यांना सारखे’ हे विद्यार्थ्यांच्या तोंडून येणारं मोठं प्रशस्तिपत्र आहे. विद्यार्थी माफ करत नाहीत ते टिंगल, चारचौघांत केलेली तुलना, आणि एकतर्फी नियम. आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात येत नाही: अव्यवस्थितपणा हा विद्यार्थ्यांना अनादर वाटतो. केअर्नी, प्लॅक्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या खटकलेल्या वागण्याबद्दल विचारलं. आलेल्या उत्तरांचे तीन गट पडले: विषय न येणं किंवा न शिकवता येणं, अपमानास्पद वागणं, आणि कामात हलगर्जी. पेपर उशिरा परत देणं, तासाला उशिरा येणं, आयत्या वेळी तारीख बदलणं हे सगळं तिसऱ्या गटात येतं. मुलाला उशिरासाठी गैरहजेरी लावणारे शिक्षक स्वतः वीस मिनिटं उशिरा आले आणि एका शब्दाने दिलगिरी व्यक्त केली नाही, की ‘आमचा वेळ यांच्या लेखी वेळच नाही’ हे वर्गाने ठरवलंच. ‘मोजत नाहीत’ या वाक्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. तुमच्या बाबतीत असाइनमेंट किती दिवसांनी परत गेल्या ते एकदा तपासा.

‘सगळ्यांना सारखं वागवतो’ या तुमच्या वाक्याबद्दल. एकच वाक्य सगळ्यांना सारखं ऐकू येत नाही. १९९९ मध्ये जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या लेखनावर परखड टीका करून दिली. नुसती टीका मिळाली तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना टीकाकार पूर्वग्रहदूषित वाटला आणि पुन्हा लिहिण्याचा त्यांचा उत्साह गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा बराच कमी राहिला. मात्र तीच टीका, ‘माझी अपेक्षा उंच आहे, आणि तुझं लेखन पाहता तू तिथपर्यंत पोहोचशील असं मला वाटतं’ या अर्थाच्या शब्दांसोबत मिळाली, तेव्हा हा फरक मिटला. टीका सौम्य करावी लागली नाही. ज्या समूहातल्या मुलांनी ‘तुम्हाला हे जमणार नाही’ असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असतं, त्यांच्यासाठी लाल शाईचा अर्थ उघडा राहिला की तो नेहमीच्या दिशेला जातो. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेला विद्यार्थी, शिकवण्याची भाषा घरात न बोलणारी मुलगी, पुरुषांनी भरलेल्या विभागातली एकटी संशोधिका, या सगळ्यांना शिक्षकाच्या मौनात इतरांपेक्षा जास्त काही ऐकू येतं. आणि त्यांना तसं वाटण्याला आधारही असतो. मिल्कमन, अकिनोला आणि चुघ यांच्या प्रयोगात अमेरिकेतल्या ६,५०० हून अधिक प्राध्यापकांना, पीएचडी करू इच्छिणाऱ्या काल्पनिक विद्यार्थ्यांकडून, एकाच मजकुराचे ईमेल गेले. फक्त नावं वेगळी होती. गोऱ्या पुरुषांची नावं असलेल्या ईमेलना एकूण जास्त प्रतिसाद मिळाला. त्या प्राध्यापकांपैकी बहुतेकांनी आपण सगळ्यांना सारखं वागवतो असंच सांगितलं असतं, असं मला वाटतं.

या मुलांना ‘केव्हाही या’ म्हणून सांगू नका. ‘केव्हाही’ हे शिष्टाचाराचं वाक्य आहे असं समजून ती येत नाहीत. येतात ती आधीपासून आत्मविश्वास असलेली. ‘मंगळवारी तीन ते चार मी रिकामा आहे, पहिली असाइनमेंट घेऊन प्रत्येकाने पाच मिनिटं यायचं आहे’ असं सांगितलं की भेट मागण्याचं ओझं त्यांच्यावर राहत नाही.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे लिहितो. काही वेळा विद्यार्थ्यांना जे वाटतं ते तंतोतंत खरं असतं. शिक्षकांच्या खोलीत ‘या बॅचमध्ये दम नाही’, ‘यांना फक्त डिग्री हवी आहे’ ही वाक्यं सहज बोलली जातात, आणि बोलणाऱ्याला वाटतं ती तिथेच राहतात. एलिझाबेथ कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एकाच विद्यापीठातल्या १५० प्राध्यापकांना विचारलं की बुद्धिमत्ता वाढू शकते असं तुम्हाला वाटतं का. मग त्यांच्या १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण पाहिले. बुद्धी जन्मजात आणि ठरलेली असते असं मानणाऱ्यांच्या वर्गात वांशिक गटांमधली गुणांची तफावत इतरांच्या वर्गांपेक्षा दुपटीपर्यंत होती, आणि त्या वर्गांत विद्यार्थ्यांचा अनुभवही वाईट होता. मनातलं मत वर्गात पोहोचतं. कुणाला अवघड प्रश्न विचारायचा आणि कुणाला सोडून द्यायचं, कुणाच्या कच्च्या मसुद्यावर वेळ घालवायचा, यांतून ते पोहोचतं. त्यामुळे वरची सगळी तंत्रं वापरूनही, समोरच्यांना शिकता येईल यावर तुमचा विश्वास नसेल, तर विद्यार्थ्यांना ते कळेल. तुमच्या विभागात असं बोललं जात असेल तर त्यात सामील होऊ नका. ही माझी आग्रहाची विनंती आहे.

संशोधनाच्या विद्यार्थ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच तुम्ही गाईड व्हाल. तिथे सगळंच तीव्र होतं. वर्गातल्या मुलाला तुम्ही नाही आवडलात तर पाच दुसरे शिक्षक असतात. पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं प्रकरण, शिफारसपत्र, कधी कधी शिष्यवृत्तीची सहीसुद्धा एकाच माणसाच्या हातात असते. ‘वाचून कळवतो’ म्हणून तीन आठवडे गेले की ती लिहिणं थांबवते. काम वाईट होतं म्हणून उत्तर नाही, असा अर्थ तिने लावलेला असतो. तुम्ही फक्त प्रवासात असता. ‘२० तारखेपर्यंत वाचतो, त्याआधी जमणार नाही’ या एका ओळीने हे टळतं. आणि ती तारीख पाळावी लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण विद्यार्थ्यांचं मत म्हणजे निकाल नव्हे. लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक स्त्री सहायक शिक्षक यांनी आपल्या एकेका गटासमोर परस्परांची ओळख धारण केली. गुण सगळ्यांना एकाच वेळी मिळाले. तरीही तत्परतेसाठी ‘पुरुष’ शिक्षकाला पाचपैकी ४.३५ आणि ‘स्त्री’ शिक्षिकेला ३.५५ मिळाले. विद्यार्थी कमीच होते, पण तत्परता ही तर मोजता येणारी गोष्ट, आणि तीही नावाप्रमाणे वेगळी दिसली. शिवाय २०१७ मध्ये उट्टल आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेलं मूल्यमापन आणि त्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत जवळजवळ काही संबंध आढळला नाही. तेव्हा सरासरी ३.८ वरून ३.६ झाली म्हणून झोप घालवू नका, आणि अशा आकड्यांवर कुणाची बढती अडवली जात असेल तर त्याला विरोध करा, विशेषतः एखाद्या सहकारी शिक्षिकेच्या बाबतीत.

मग अभिप्राय वाचायचा कसा? विशेषणं बाजूला काढा आणि वर्णनं ठेवा. ‘गर्विष्ठ आहेत’ याचं तुम्ही काही करू शकत नाही. ‘शंका विचारली की घड्याळाकडे बघतात’ याचं करू शकता. तुम्हाला आलेल्या चार वाक्यांपैकी तीन वर्णनाच्या जवळ जाणारी आहेत. त्या अर्थाने तुमचे विद्यार्थी उदार आहेत. आणि सत्र संपेपर्यंत थांबू नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, नाव न लिहिता, दोनच प्रश्न विचारा: या वर्गात शिकायला कशाने मदत होते, आणि कशाने अडतं? शक्य असेल तर एखाद्या सहकाऱ्याला वीस मिनिटं वर्ग द्या आणि तुम्ही बाहेर थांबा; बोलताना जे निघतं ते कागदावर येत नाही. पुढच्याच तासाला परत जाऊन सांगा की काय बदलतो आहे, काय बदलणार नाही आणि का. हा शेवटचा भाग वगळायचा असेल तर विचारूच नका. विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण आता त्यांच्याकडे तुमचा आणखी एक प्रसंग जमा झालेला असतो.

मार्कांसाठी पुढच्या सत्राच्या सुरुवातीलाच एक तास द्या. जुन्या, नावं काढलेल्या दोन उत्तरांच्या प्रती वाटा, मुलांना गुण द्यायला लावा, मग तुम्ही किती दिले आणि का ते सांगा. वाद होईल. होऊ द्या. त्या वादात मापदंड त्यांचाही होतो, आणि कधी कधी तुमच्या मापदंडातली ढिलाई तुम्हालाच दिसते.

राहिला शेवटचा प्रश्न, लिहिणाऱ्यांना शोधून बोलण्याचा. तसं करू नका, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी. भाषेवरून, उदाहरणावरून ‘हे कुणी लिहिलं असेल’ याचा अंदाज तुम्हाला येत असेलही. तो कुणाजवळ बोलू नका आणि त्या विद्यार्थ्याशी पुढे वागताना मनात येऊ देऊ नका. एकाला जरी बोलावून विचारलंत, अगदी आभार मानायला सुद्धा, तरी संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळेल, आणि पुढच्या सत्रात तुमच्या हातात येणारे कागद कोरे असतील. ज्यांना बोलायचं आहे त्यांच्यासाठी वर्गात एवढंच सांगा की मागच्या सत्रातले अभिप्राय मी वाचले, त्यातल्या शंकांच्या आणि मार्कांच्या मुद्द्यावर या सत्रात असं असं करणार आहे.